शेजारी राहणारी काकू गेल्यावर तिच्या आठवणी कशा जपाव्यात

गिरगावातल्या आमच्या चाळीत माझी चुलत काकू भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत राहत असे, त्यामुळे ती नात्याने काकू आणि रोजच्या येण्याजाण्याने शेजारीण होती. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एका खिळ्याला मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांच्या चाव्या टांगलेल्या असत. ती गेली त्या संध्याकाळी माणसे आपापली चावी न्यायला आली आणि कोणालाच ती खिळ्यावरून काढवेना. अशा माणसाची आठवण आपोआप राहील असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वर्ष सरता सरता ‘फार प्रेमळ होती’ एवढे एकच वाक्य हाती उरते. तसे होऊ नये म्हणून काही कामे वेळेवर करावी लागतात.

पहिल्या दिवशी शेजाऱ्याने आठवणींचा विषयही काढू नये. त्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा कडू घासासाठी पिठले-भात नेऊन द्यावा, पाणी भरून ठेवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघावे. वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची असेल तर मजकूर आपण लिहून द्यावा, पण ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांपुढची नावे घरच्या मोठ्या माणसाकडून दोनदा तपासून घ्यावीत, कारण तिथे सुटलेले एक नाव कुटुंबात वर्षानुवर्षे सलत राहते.

दहाव्यापासून तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि हेच दिवस आठवणी गोळा करण्याचे असतात. घरच्यांची परवानगी घेऊन एक जाड वही ठेवावी. ‘काकू कशी होती?’ असे विचारले तर सगळे एकच उत्तर देतात. त्याऐवजी ‘तुमची तिची पहिली भेट कुठे झाली?’, ‘तिने तुम्हाला कधी रागावले होते का?’, ‘ती तुम्हाला शेवटचे काय म्हणाली?’ असे नेमके विचारावे. नातेवाइकांइतकेच भाजीवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि धुण्याभांड्याच्या बाईंनाही विचारावे. त्यांच्याकडची काकू घरच्यांना ठाऊक नसते. आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईंनी सांगितले की, त्यांच्या मुलीच्या दहावीच्या वर्षी काकू रोज दुपारी तिला आपल्या खोलीत अभ्यासाला बसवून स्वतः गॅलरीत निवडण-टिपण करीत असे. हे तिच्या मुलालाही माहीत नव्हते. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे असल्यास आधी विचारावे, पंखा बंद करावा आणि सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव व तारीख उच्चारावी.

तिच्या हातच्या पदार्थांसाठी मात्र अधिक कष्ट घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काकूची चकलीची भाजणी चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ अशी असे, आणि प्रत्येक धान्य ती वेगळे भाजी. पण ‘वाटी’ म्हणजे तिची काठाला पोचा आलेली पितळी वाटी, आणि धने-जिरे किती, तर ‘मुठीने’. माझ्या आजीच्या वेळी आम्ही कृती लिहून घेतली, पण तिचे मापाचे फुलपात्र भांड्यांबरोबर मोडीत गेले, आणि तिचे लोणचे पुन्हा कधी तसे जमले नाही. म्हणून भांडी आवरायला काढण्यापूर्वी ती वाटी शोधावी, काठोकाठ पाणी भरून ते मापाच्या कपात ओतावे आणि किती मिलिलिटर भरले ते लिहावे. मूठ मोजण्यासाठी, जिने तिच्या हाताखाली भाजणी केली आहे अशा सुनेला किंवा मुलीला धने हातात घ्यायला सांगून ते वजनकाट्यावर टाकावेत. भाजताना ती कोणत्या रंगावर थांबे, कोणत्या वासावर गॅस बंद करी, हेही त्याच बसणीला विचारावे.

व्हॉट्सॲपवर तिने पाठवलेले आवाजी निरोप आपल्या फोनमध्ये असतात; फोन बदलताना किंवा जागा मोकळी करताना ते जाऊ शकतात, तेव्हा लगेच वेगळे काढून दोन ठिकाणी ठेवावेत. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, जागेवरच त्यांचे फोटो घ्यावेत. सुट्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहिल्यास पुढे वळ उमटतो, म्हणून नावे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती सोबत ठेवावी. तिची लुगडी मागायची असतील तर वर्षश्राद्धापर्यंत थांबावे. मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी उत्तम होते, पण कोणते लुगडे द्यायचे ते लेकीने ठरवावे.

तारखेबरोबर तिथीही पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावी, कारण श्राद्ध तिथीने होते आणि ती दर वर्षी निराळ्या तारखेला येते. पतीच्या हयातीत गेलेल्या स्त्रीसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, पाळतात. श्राद्ध करणे घरच्यांचे काम आहे. शेजाऱ्याने त्या दिवशी सकाळी जाऊन ‘काय आणू?’ एवढे विचारावे.

वही पूर्ण झाली की तिच्या प्रती काढून मुलाला, लेकीला आणि ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्यापैकी मागेल त्याला द्याव्यात. बांधणी करताना शेवटी वीसेक कोरी पाने राखावीत. आमच्या भाजीवाल्याला काकूची एक गोष्ट सहा महिन्यांनी आठवली, आणि ती सांगायला तो टोपली खाली ठेवून मुद्दाम जिना चढून आला.