या चुका टाळा: वेब रिस्पॉन्सचं एन्कोडिंग ठरवताना

पानावर ‘मराठी’ लिहिलंय आणि प्रोग्रॅमने त्याजागी १५ चित्रविचित्र चिन्हं छापली, तर सर्व्हरला दोष देऊ नका. बाइट्स बरोबर आलेले असतात, वाचताना घोळ झालेला असतो. एन्कोडिंग म्हणजे अक्षरांचे बाइट्स करायची पद्धत; यूटीएफ-८ आणि लॅटिन-१ ही त्यातली दोन. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं: ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. लॅटिन-१ मात्र दर बाइटला एक अक्षर मोजतं. म, र, काना, ठ, वेलांटी: ५ चिन्हांची १५ झाली.

वेबपानं मागवणाऱ्या पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत हे डोळे झाकून ‘.टेक्स्ट’ (बाइट्सचा आपोआप बनवलेला मजकूर) वापरल्याने होतं. हेडरमध्ये (रिस्पॉन्ससोबत येणाऱ्या माहितीत) नुसतं ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल, कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, नसेल, तर ती लॅटिन-१, म्हणजे आयएसओ-८८५९-१, गृहीत धरते. १९९९च्या एचटीटीपी नियमांत तसंच होतं. २०१४मध्ये नियमांतून ते गेलं, लायब्ररीत राहिलं. त्यात लॅटिन-१ला २५६पैकी कुठलाही बाइट चालतो, त्यामुळे एरर येतच नाही. कचरा निमूटपणे डेटाबेसात जातो, तिथे पुन्हा यूटीएफ-८ होतो आणि १५ बाइट्सचे ३० होतात.

मग घाईतला माणूस नेटवरून एक ओळ उचलतो: लॅटिन-१मध्ये एन्कोड करा (बाइट्स बनवा), यूटीएफ-८ने डीकोड करा (पुन्हा मजकूर बनवा). बिघडलेल्या मजकुरावर ती चालतेही. ती कोडमध्ये कायमची ठेवली की पुढचं ठरलेलं. एक दिवस सर्व्हरवाले हेडरमध्ये कॅरसेट घालतात, मजकूर नीट यायला लागतो आणि हीच ओळ अस्सल देवनागरीला लॅटिन-१मध्ये कोंबायला जाऊन कोसळते. एरर नको म्हणून कोणीतरी तिथे ‘इग्नोर’ लावतो. आता लॅटिन-१मध्ये न बसणारं सगळं गळतं, आणि देवनागरीतलं तर काहीच बसत नाही. शीर्षकं रिकामी, लॉग स्वच्छ, आणि शोधणारा आठवडाभर एचटीएमएलमधून शीर्षक निवडणाऱ्या सिलेक्टरवर संशय घेत बसतो. ही ओळ जुना डेटा एकदा दुरुस्त करण्यापुरतीच, रोजच्या वाटेवर नको. ‘इग्नोर’ तर कुठेच नको. फारच अडलं तर ‘रिप्लेस’, निदान प्रश्नचिन्ह दिसतं तरी.

माझा शिरस्ता सरळ आहे: आधी ‘.कंटेंट’मधले कच्चे बाइट्स घ्यायचे. सुरुवातीला २३९, १८७, १९१ हा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) असेल तर यूटीएफ-८, विषय संपला. नसेल तर हेडरचं कॅरसेट, तेही नसेल तर पहिल्या १०२४ बाइट्समधला, एन्कोडिंग सांगणारा एचटीएमएलचा मेटा टॅग. ब्राउझरही याच क्रमाने जातात. काहीच नसेल तर यूटीएफ-८ने स्ट्रिक्ट (चूक दिसताच एरर देणारं) डीकोड करून बघायचं. दुसऱ्या एन्कोडिंगचा मोठा मजकूर यूटीएफ-८ म्हणून चुकून पास होणं जवळपास अशक्य. अंदाज बांधणारी लायब्ररी सगळ्यात शेवटी. चार शब्दांच्या शीर्षकावर तिचा कौल मागणाऱ्यांना काय म्हणावं!

एचटीएमएल वाचून त्याचे भाग पाडणाऱ्या पार्सरलाही बाइट्सच द्या, म्हणजे मेटा टॅग तो स्वतः बघेल.

हेडरमध्ये आयएसओ-८८५९-१ लिहिलं असेल तर ब्राउझर ते विंडोज-१२५२ (लॅटिन-१च्या जवळचंच एन्कोडिंग) म्हणून वाचतात. तुम्हीही तसंच करा. पण पायथॉनच्या विंडोज-१२५२मध्ये १४१ हा बाइट रिकामा आहे (त्याला अक्षरच नाही), आणि हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट नेमका १४१. लेबल खोटं आणि मजकूर यूटीएफ-८ असेल, तर पहिल्या जोडाक्षरापर्यंत तरी एरर येतेच. येऊ द्या, फायद्याचीच आहे: लेबल खोटं असल्याचं कळतं.

मोठा रिस्पॉन्स तुकड्यातुकड्याने वाचून प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करू नका. समजा तुकडा ४०९६ बाइट्सचा; ४०९६ला ३ने भाग जात नाही, त्यामुळे कडेचं अक्षर मध्येच तुटतं. इन्क्रिमेंटल डीकोडर (अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा) वापरा, नाहीतर सगळं जमवून एकदाच डीकोड करा.

रिस्पॉन्स जेसन (डेटा पाठवायची एक मजकुरी रचना) असेल तर यूटीएफ-८, बाकी डोकं लावू नका.

‘कंटेंट-एन्कोडिंग’ या हेडरचा अक्षरांशी संबंध नाही, तो कॉम्प्रेशनचा. बाइट्स ३१, १३९ने सुरू होत असतील तर ते जीझिप आहे. आधी उलगडा, मग कॅरसेट शोधा.