उत्तरायण खरं कधी लागतं? अंगणात शंकू रोवून बघा

संक्रांतीला आपण म्हणतो, आजपासून उत्तरायण. हे तपासायला एक सळई (हाच आपला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी), सुतळी आणि सपाट अंगण पुरे. पद्धत कात्यायनाच्या शुल्बसूत्रातली, म्हणजे वेदी आखायच्या जुन्या ग्रंथातली आहे. यज्ञाच्या वेदीची पूर्व चुकू नये, म्हणून ती तिथे सांगितली आहे.

सळई १२ मिलिमीटरची, सरळ घ्या. तुराटी किंवा पऱ्हाटी नको, ती वाकडी असते. वरच्या टोकाला पत्रा आडवा बसवा, त्याला सळईच्या बाहेर ४ मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर आणा. आता भोकातून ओळंबा सोडा. तो टेकेल तोच केंद्रबिंदू, सळईचं बूड नव्हे. नुसत्या सळईच्या सावलीवर भागत नाही. सूर्य अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीचं टोक डिसेंबरात जवळपास दोन सेंटिमीटर फिकट होत जातं. भोकातून पडलेल्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मात्र नीट सापडतो.

अंगणाला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतोच. मीटरमागे १ सेंटिमीटर उतार असला तरी मापात तेवढीच चूक येते. गवंड्याची पाण्याची नळी लावून पातळी बघा, मगच सारवा.

आता केंद्रबिंदूभोवती सुतळीने वर्तुळ काढा. शुल्बसूत्रात त्याची त्रिज्या शंकूएवढी आहे. नागपूरकडे डिसेंबरात ती घेऊ नका. भर दुपारीच छाया, म्हणजे केंद्रबिंदूपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर, ९८-९९ सेंटिमीटर असते, त्यामुळे ठिपका वर्तुळाला कसाबसा शिवतो. १५० सेंटिमीटर घ्या. सकाळी पावणेदहाच्या आणि दुपारी अडीचच्या सुमारास ठिपका वर्तुळ ओलांडतो, तिथे खिळे ठोका. ते जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. केंद्रातून तिला काढलेला लंब उत्तर-दक्षिण. दुपारी आभाळ आलं तर सकाळची खूण वाया जाते, म्हणून १४० आणि १६० चीही वर्तुळं काढून ठेवा.

ठिपका उत्तर-दक्षिण रेघेवर येतो तो खरा मध्यान्ह. नागपुरात २२ डिसेंबरला घड्याळात साधारण १२ वाजून १२ मिनिटं होतात. रोज तेव्हाची छाया मोजून वहीत लिहा. छाया सर्वांत लांब पडते त्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो, तेच उत्तरायण. पण तो दिवस नुसता बघून ठरत नाही, कारण त्या आठवड्यात ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरच हलते. जोड्या लावा. २९ नोव्हेंबरच्या आसपास छाया सुमारे ९२ सेंटिमीटर, तेवढीच पुन्हा १४ जानेवारीला. मधला दिवस २२ डिसेंबरच्या जवळ येतो. चंद्रपूरकडे आकडे कमी येतील, २२ डिसेंबरला ९८-९९ ऐवजी ९४-९५, पण मधला दिवस तोच.

म्हणजे संक्रांतीपर्यंत सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटून गेलेले असतात. संक्रांत सूर्य ताऱ्यांमधल्या मकर राशीत शिरतो त्यावरून धरतात, अयन मात्र पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावरून ठरतं. हा आस ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू फिरतो, ७२ वर्षांत सुमारे १ अंश, म्हणून दोन्हींत अंतर पडत गेलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकच होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत साफ लिहिलं, की जुन्या शास्त्रांतलं अयन आता तिथे राहिलेलं नाही, मोठ्या वर्तुळात छायेच्या खुणा करून प्रत्यक्ष पाहा. ज्योतिषाचा आणि शकुनांचा हा ग्रंथ, तरी त्यात जुन्या वचनापेक्षा सावलीचा शब्द वर ठेवला आहे. तिळगूळ १४ जानेवारीलाच वाटा. वहीत अयनाची तारीख मात्र मोजून आलेलीच लिहा.