भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक: सुतारांनो, या चुका टाळा

हाताखालची पोरं दोन वर्षांत फर्निचर उभं करायला शिकतात. पण गिऱ्हाईक "मिस्त्री, फायनल किती घेणार?" म्हणालं, की उभ्या उभ्या पंधरा टक्के सोडून मोकळी होतात. ते पैसे कुठून निघणार, याचा हिशेब कुणीच करत नाही.

मीही केला नव्हता. नाशिकला एका किचनचे १ लाख २० हजार सांगितले होते. "एक लाखात करा, सोसायटीतली अजून चार घरं देतो," म्हणाले, आणि मी हो म्हणून बसलो. सनमायका त्यांनी निवडलेला, चॅनल-बिजागऱ्यांची कंपनी ठरलेली. मग खालच्या खणांना ७१० म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायऐवजी स्वस्त कमर्शियल प्लाय घातला. चौरस फुटामागे ४० रुपयांचा फरक, ३२ चौरस फुटांच्या तीन शीट, वाचले ३,८४० रुपये. बाकीचे सोळा हजार माझ्या आणि दोन कारागिरांच्या मजुरीतून गेले. पुढच्या पावसाळ्यात सिंकखालचा पाईप झिरपला. दार उघडलं तर तळाची फळी फुगून पापुद्रे सुटलेले, बोट दाबलं की आत जात होतं, बिजागरीचे स्क्रू नुसत्या हातानं निघाले. तो खण पदरच्या पैशानं नवा करून दिला. चार घरांपैकी एकही मिळालं नाही.

त्या फळीचा तुकडा आजही माझ्या पिशवीत असतो. सोबत ७१० चा. भाव निघाला की दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि सांगतो, ७१० ला ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते, कमर्शियल फक्त कोरड्या जागेसाठी. तरीही बजेट कमी असेल तर काम कमी करू: लॉफ्टची दारं दिवाळीनंतर, बास्केटऐवजी साध्या फळ्या. दर मात्र तोच. माणूस खरंच अडचणीत असेल तर यातून मार्ग निघतो. नुसती घासाघीस करायची असेल तर तो उठून जातो, त्याला जाऊ द्यावं.

सूट द्यायची म्हणून आधीच दर फुगवून सांगणं मला अजिबात पटत नाही. जो भाव करत नाही, त्या भल्या माणसाला तुम्ही लुबाडता.

फोनवर, माप न घेता आकडा सांगू नका. "पुढे खूप कामं देऊ" यावर सूट देऊ नका. द्यायचीच तर दुसऱ्या कामाला द्या. कोटेशनमध्ये नुसतं "प्लायवूड" लिहू नका. ग्रेड, जाडी, सनमायका १ एमएम की ०.८, सगळं लिहा, नाहीतर समोरचा तुमचा आकडा स्वस्त मालाच्या आकड्याशी ताडून बघतो.

आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय शीटला करवत लावू नका. कापलेली शीट दुकानदार परत घेत नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. राहिलेली घासाघीस ते तेव्हाच काढतं.