पुरात लाइव्ह द्यायचं असेल तर

टीव्ही रिपोर्टिंगला आलेल्या नव्या पोरांना मी पहिल्यांदा एकच सांगतो, पाण्यात उतरून पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, करू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की फ्रेम भारी दिसते असं ऑफिसात बसलेल्या बातमी डेस्कला वाटतं. खाली उघडं गटार आहे का, ते डेस्कला दिसत नाही.

कोल्हापुरात पोचलात की आधी आकडा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आत्ता किती, तासाभरापूर्वी किती, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडे, एवढं तळहातावर लिहा. बॉलपेननंच. जेलची शाई ओघळते. मी एकदा लाइव्हमध्ये ४१ चे ४७ वाचलेत, नंतर घरच्यांचेच फोन आले!

बूमवर, म्हणजे हातातल्या माइकवर, प्लास्टिकची पिशवी चढवू नका, थेंबांचा ताडताड आवाज माइकमध्ये जातो. छत्री कॅमेऱ्यावर धरायची, आपण भिजायचं. अँकरचा प्रश्न कानात उशिरा येतो, तोवर मान हलवत राहा, मधेच तोंड उघडू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणून गाडीची टाकी फुल, खिशात रोकड, बिस्किटं.

पूरग्रस्तांच्या छावणीत बाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर प्रतिक्रिया, घेताना 'कसं वाटतंय?' हा प्रश्न विचाराल तर माझ्याशी गाठ आहे. बूम खाली ठेवा, शेजारी बसा. "मावशी, जनावरं कुठं बांधलीसा?" एवढं विचारा. कॅमेरामनला आधीच सांगून ठेवा, रेकॉर्डिंग चालू ठेव, पण मावशी नको म्हणाल्या तर लगेच बंद.