टामियाच्या बीटलला कॅलिफोर्नियाचे रूप देताना

टामिया या जपानी कंपनीचे 1/24 प्रमाणातील, 1966 सालच्या फोक्सवॅगन 1300 बीटलच्या प्लास्टिक प्रतिकृतीचे किट सूचनापत्रकाप्रमाणे जोडले, तर नुकतीच शोरूममधून बाहेर पडलेली गाडी हाती येते. त्याच किटमधून दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागलेली बीटल, म्हणजे नाक खाली झुकलेली, बंपर आणि क्रोमच्या पट्ट्या उतरवलेली गाडी घडवायची असेल, तर बहुतेक काम रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच उरकावे लागते. त्यातही सर्वांत महत्त्वाचे काम गाडी नेमकी किती खाली बसवायची हे ठरवण्याचे आहे. तिथे चूक झाली तर उत्तम रंगसुद्धा गाडीला वाचवू शकत नाही.

खऱ्या बीटलच्या दोन आसांमधील अंतर 2400 मिलिमीटर असते, म्हणून प्रतिकृतीत ते बरोबर 100 मिलिमीटर भरते. याच हिशेबाने प्रतिकृतीतील 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीतील 24 मिलिमीटर. गाडी पुढून अडीच मिलिमीटर उतरवली, तर ती प्रत्यक्षात 60 मिलिमीटर उतरल्यासारखी दिसते आणि या शैलीला तेवढे पुरते. मागून 1 मिलिमीटर पुष्कळ झाला. आकडे लहान दिसतात म्हणून नवशिके सढळ हाताने कापतात आणि मग टायर मडगार्डमध्ये रुतलेले दिसतात.

कापण्याआधी चासिस आणि चाके मास्किंग टेपने तात्पुरती जोडून वर बॉडी ठेवावी आणि मडगार्डची कड टेबलापासून किती उंच आहे, हे चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवावे. त्यानंतर चाक ज्या खुंटीवर बसते ती खुंटी पातळ पात्याच्या करवतीने कापून ठरलेल्या अंतराइतकी वर चिकटवावी. नुसत्या गोंदावर हा जोड टिकत नाही. हातड्रिलने दोन्ही तुकड्यांत आरपार भोक पाडून त्यात अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घातली की तो पक्का होतो. पुढची चाके वळण्याची सोय यात बहुधा जाते, आणि माझ्या मते ती जाऊ द्यावी. सारे वाळण्यापूर्वी चासिस काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवावे. चारांपैकी एखादे चाक अधांतरी राहिले, तर ते तिथे लगेच कळते आणि गोंद ओला असेपर्यंत सुधारता येते.

मागच्या चाकांबाबत एक बारकावा आहे. या बीटलचा मागचा आस गिअरबॉक्सपाशी झुलणारा असल्याने गाडी खाली बसली की मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कलतात. प्रतिकृतीत खुंटी चिकटवताना हा कल जेमतेम दिसेल इतकाच ठेवला, तर जाणकाराची नजर तिथे हमखास थबकते. चाके बदलायची झाल्यास पोर्शच्या फुक्स चाकांच्या किंवा बीआरएम नावाच्या चाकांच्या धाटणीची, रेझिनमध्ये ओतलेली चाके या रूपाला शोभतात.

बॉडीवरील उठावाच्या पट्ट्या कटरच्या पात्याच्या पाठीने हलकेच खरवडाव्यात आणि 600 व 1000 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासाव्यात. बंपर न लावल्याने उघड्या राहणाऱ्या खाचांसाठी किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचेच तुकडे पातळ प्लास्टिक सिमेंटमध्ये (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदात) विरघळवून केलेला लगदा मला पुट्टीपेक्षा सरस वाटतो, कारण तो बॉडीच्याच जातीचा असल्यामुळे घासताना सारखा झिजतो. मात्र तो आकसतो, म्हणून थोडा जास्त भरावा आणि निदान दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. दरवाजे, बॉनेट आणि मडगार्डच्या जोडरेषा याच वेळी कोरून खोल कराव्यात, नाहीतर त्या रंगाच्या थरांखाली बुजतात.

रंगाआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी, मग प्रायमर मारावा. प्लास्टिक लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा असेल, तर आधी चंदेरी रंगाचा थर द्यावा. अन्यथा लाल छटा वर झिरपते. टामियाच्या टीएस मालिकेतील स्प्रे स्टायरिनसाठी, म्हणजे किटच्या प्लास्टिकसाठी आहेत, पीएस मालिकेतील नव्हेत. पीएस स्प्रे आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात. स्प्रे 20 ते 25 सेंटिमीटरवरून, पहिले दोन हात अगदी विरळ मारावेत. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक चढते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन हवेतील बाष्प त्यावर जमते. पावसाची झड असेल तर सरळ थांबावे. आठवडाभर वाळल्यावर 2000 नंबरच्या पेपरने आणि पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणावी.

काचा फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने लावाव्यात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक भागांवर धुके आणते आणि ते पुसून जात नाही.

बॉडी चासिसवर कायमची बसवण्याआधी गाडी पुन्हा त्याच काचेवर ठेवावी आणि सुरुवातीला लिहिलेल्या मापांतून उतरवलेली उंची वजा करून ताळा पाहावा. टायर मडगार्डला घासत असेल, तर मडगार्डची आतली बाजू घासून पातळ करावी; चाक मात्र पुन्हा कापू नये.