आक्काची वही: घरातलं मोठं माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात काय गोळा करावं

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आई. अख्खी आळी तिला आक्का म्हणायची म्हणून आम्हीही. २०२५ च्या माघात ती गेली. पेपरातल्या निधनवार्तेत तात्यांनी वय १०१ छापून आणलं, कारण "शंभरी गाठली" म्हणायला बरं वाटतं. आधार कार्डावर ८३ होतं. वर्षभरानं वही पुरी झाली तेव्हा खरं वय ९१ च्या आसपास निघालं. ते कसं काढलं आणि वहीत आणखी काय काय आलं, ते सांगते. कुणाला आपल्या आजीची, आईची अशी वही करायची असेल तर उपयोग होईल.

सुरुवात दहाव्यालाच करा. तेव्हा लिहायचं सुचत नाही हे मला ठाऊक आहे, पण एवढं एकच करा: पानावर कुणी काय ठेवलं त्याची यादी. आमच्याकडे आत्यानं शेंगोळी ठेवली, तात्यांनी जिलेबी, माझ्या चुलतभावानं मशेरीची पुडी, आईनं बिनसाखरेचा कोरा चहा. कावळा लवकर शिवेना, तसा तिथेच वाद पेटला. "आक्काला जिलेबी कुठं आवडायची? ती तुम्हाला आवडती." यादी वाचली की कळतं, प्रत्येकाची आक्का वेगळी होती. माझ्या वहीचं पहिलं पान हेच आहे.

दुसरं काम तेराव्याच्या आत करायचं: कुणालाही पिशव्या भरू देऊ नका. घर आवरायची घाई सगळ्यांत जास्त त्यांना असते जे दुसऱ्या दिवशी परत जाणार असतात. लुगडी वाटायची असतील तर वाटा, पण एक न धुतलेलं लुगडं पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. आक्काच्या डब्याला अजून मशेरीचा आणि चुलीच्या धुराचा वास आहे. बाकीच्यांतून गोधडी शिवून घ्यायची तर गावातच, हातानं धावदोरा घालणाऱ्या बाईकडून घ्या. नऊवार म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्त कापड. वरच्या आणि खालच्या अंगाला दोन लुगडी पुरतात, मधल्या थरांना जुनी धोतरं, चादरी. पण हे काम उन्हाळ्यात द्या. पावसाळ्यात गोधडीला ऊन लागत नाही आणि कोंदट वास मग जात नाही.

आता वयाचं. आक्काच्या पिढीतल्या बायकांना जन्मतारीख नसायची. शाळेत गेलेल्यांना मास्तरांनी १ जून दिली (आमच्या आत्याचीही १ जूनच आहे), न गेलेल्यांना आधारवाल्यानं १ जानेवारी. त्यामुळे कागदावर विसंबू नका. तिच्या बोलण्यात जी मोठी घटना यायची, ती धरून मागे चला. आमच्या भागात अशा तीन खुंट्या आहेत. एक म्हणजे पत्रीसरकार. साताऱ्याकडे इंग्रजांविरुद्धचं हे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ चाललं, आणि आक्का सांगायची की रात्री माणसं यायची, तिची आई भाकरी बांधून द्यायची आणि ती परकर सावरत गोठ्यापर्यंत नेऊन द्यायची. परकरातली पोर, एकटी अंधारात जाण्याएवढी मोठी, म्हणजे नऊ-दहा वर्षांची धरू. दुसरी खुंटी कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तेव्हा माझे वडील दुसरीत होते आणि आत्या आक्काच्या पोटात. दोन महिन्यांनी आत्या खळ्यातल्या छपरात जन्मली, कारण घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. तिसरी बहात्तरचा दुष्काळ. आक्का खडी फोडायला गेली होती आणि पोरं सुकडीच्या रांगेत. तुमच्याकडे खुंट्या वेगळ्या असतील. पुण्याच्या लोकांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट. "तेव्हा तू कडेवर होतास का पायावर?" एवढं विचारलं तरी लोक भराभर सांगतात.

लग्नाचं वर्ष मात्र मला माणसांनी सांगितलं नाही, घंगाळानं सांगितलं. घरातली सगळी जुनी भांडी पालथी घाला. आपल्याकडे तांब्यापितळेवर, पुढे स्टीलवरही, नाव-साल घालायची पद्धत आहे आणि घरचा अर्धा इतिहास त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत असतो. अक्षरं झिजलेली असली तरी चिंच लावून घासत बसू नका, उरलीसुरलीही जातील. अंधाऱ्या खोलीत न्या, मोबाईलची बॅटरी भांड्याला समांतर, अगदी कडेनं धरा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि मजकूर उठून येतो. मग फोटो काढा. आमच्या घंगाळावर असा आक्काच्या वडिलांचा सगळा नामोल्लेख, "यांजकडून" आणि "सन १९४९" निघालं. त्यापूर्वी मी ते घंगाळ पंचवीस वर्षं कुंडी म्हणून पाहत होते. त्यात अळू होतं.

कागदोपत्री शोधायचं असेल तर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागता येते. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा बरोबर न्या. आम्हाला तिच्या वडिलांच्या नावापुढे "मुलगी" एवढं सापडलं. नाव नाही. साल १९३४ होतं. ती हीच, की तिच्यामागची लहानपणीच गेलेली बहीण, हे त्या एका शब्दावरून सांगता येत नाही. मी वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या. ९१ म्हणते ते पत्रीसरकारच्या भाकरीवरून, या नोंदीवरून नाही.

माहेरच्या घराचा फोटो आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं. ते घर कोयनेच्या धरणात, शिवसागराखाली आहे. गावची माणसं उठून कुठं कुठं गेली, कोणी सोलापूरकडे, कोणी रायगडात, कोणी ठाण्याकडे. अशा वेळी नकाशा काढून घ्या. आक्काच्या चुलतभावाला मी ड्रॉइंगचा मोठा कागद आणि खडू दिला. म्हातारबुवा म्हणाले, मला काय चित्र येतंय! मी म्हटलं, मामा, चित्र नको, फक्त पाण्याला जायची वाट दाखवा. दीड तासात त्यांनी ओढा, वडाचा पार, पाच घरं, आणि कुणाचा कुत्रा कुठं बांधलेला असायचा इथवर काढलं. आठवणी सांगा म्हटलं की माणूस गप्प होतो. वाट विचारली की चालायला लागतो.

हेच बोलणं रेकॉर्ड करताना. "आक्का कशी होती?" असा प्रश्न विचाराल तर उत्तर येणार "लई मायाळू होती", आणि ते कुठल्याही आजीला लागू पडतं. विचारायचं ते असं: चुलीचं तोंड कुठल्या दिशेला होतं? पहिला चहा कुणाला मिळायचा? चिडली की भांडी आपटायची का गप्प बसायची? त्याहून सोपं म्हणजे दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसवा, मध्ये निवडायला पावटा ठेवा आणि आपण तोंड बंद ठेवा. रेकॉर्ड करतेय हे आधी सांगा, पाच मिनिटांत त्या विसरतात. मी आत्या आणि आक्काची धाकटी जाऊ अशा दोघींना बसवलं होतं. भूकंपाच्या रात्री गोठ्यातून आधी काय सोडलं यावर जुंपली. धाकट्या आजीचं म्हणणं गाय, आत्याचं म्हणणं म्हस.

"आगं तू पोटात हुतीस, तुला काय ठावं?"

"मला आक्कानंच सांगितलंय. म्हस हुती. गाय दावं तोडून आदीच पळाली हुती."

उतरवून घेताना ही बोली आहे तशीच लिहा. "होतीस" केलंत की माणूसच बदलतं. फोनमध्ये तिचे स्वतःचे आवाज असतील तर तेही आजच काढा. व्हॉट्सॲपवरचे जुने व्हॉइस मेसेज फोन बदलला की हरवतात. आक्काचे माझ्याकडे सात निघाले, त्यांतले पाच "आगं उचल की" एवढेच. प्रत्येकाला तारीख आणि विषय असं नाव दिलं आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले.

ओव्या आठवणारं कुणी असेल तर त्याला जात्याजवळ बसवा, जातं नसेल तर हाताला परात फिरवायला द्या. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, हे मी तीनदा पाहिलं. आक्काची ही एक आत्यानं दिली:

माझ्या माहेराच्या वाटं आता कोयनाबाईचं पानी
बयाच्या गं अंगनात मासोळी झाली रानी

तुमच्या आजीची म्हणून सापडलेली ओवी दुसऱ्या गावातही निघेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर वाचायला, ऐकायलाही मिळतात. तिथे शोधलंत तर अर्धी ओळ तीच आणि अर्धी वेगळी, असं हटकून सापडतं. आपल्या घरची अर्धी ओळ कुठली, तेवढं वहीत टिपायचं.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकाला ठेवा. आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती, आक्काच्या हातची होती आणि ती कुणीच कधी मोजून केलेली नव्हती. आत्याच्या हाताला ते माप उतरलेलं होतं. म्हणून वैशाखात तिला बसवलं, समोर वजनकाटा, त्यावर रिकामी परात. "तू टाक, मी फक्त आकडा बघते." ती मुठीनं धने टाकत गेली आणि मी लिहीत गेले. तिची धन्यांची मूठ एकदा २६ ग्रॅम, एकदा ३१. "लिवून काय हुतंय? नाकाला कळतंय," असं तिचं सारखं चालू होतं. शेवटी एक किलो मिरचीला (पाऊण किलो बेडगी रंगाला, पाव किलो संकेश्वरी तिखटाला) धने, सुकं खोबरं आणि लसूण साधारण पाव-पाव किलो, उन्हात वाळवून तेलात तळलेला कांदा ओला असताना अर्धा किलो, असं बसलं. खडा मसाला वेगळ्या पानावर आहे, तो देणार नाही. पण एक गोष्ट आकड्यात आली नसती. खोबरं भाजताना आत्या मधेच उठून दारात गेली आणि परत आली. विचारलं तर म्हणाली, "दारात वास आला की उतरवायचं. आक्का तसंच करायची." ते पान असंच लिहिलंय: खोबरं भाजायला घ्या, दारात जा.

घरातल्या वाटीचंही माप घ्या. आक्काची "वाटी" १४० मिलीची निघाली. आम्ही इतकी वर्षं मोठ्या वाटीनं रवा घेऊन तिच्यासारखा शिरा होत नाही म्हणत होतो.

फोटोंबद्दल थोडक्यात. मागे पेन्सिलीनं नावं घाला, बॉलपेन पुढे उमटतं. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, आणि भिंतीवर लावायला चेहरा कापून घेतलात तरी मूळ पूर्ण ठेवा. आक्काचा स्टुडिओतला एकच जोडीचा फोटो आहे, त्यात तिच्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे. मुठीत फोटोवाल्याला द्यायचे पैसे होते.

एक अवघड गोष्ट. सुनेचं पान सुनेनंच लिहायचं, लेकीनं नाही, नातीनं तर नाहीच. आक्का आम्हा नातींच्या दुधात पाणी घालायची आणि नातवांच्या नाही. मी ते लिहिलंय. पण माझ्या आईनं तिच्यासोबत एक्केचाळीस वर्षं काढली. तिला मी वही दिली आणि महिनाभर विचारलं नाही. तिनं सहा ओळी लिहिल्या. पहिली अशी: "लग्नानंतर अकरा वर्षं मला त्यांनी नावानं हाक मारली नाही." शेवटची: "शेवटच्या महिन्यात फक्त माझ्या हातचं पाणी घेत होत्या." मधल्या चार मी इथे देत नाही. तात्यांना ते पान काढून टाकायचं होतं. ठेवलं.

वाचन वर्षश्राद्धाला करायचं असेल तर पंचांग आधी बघा. श्राद्ध तिथीनं होतं, आणि तिथी पुढच्या वर्षी अकराएक दिवस आधी येते, मधे अधिक महिना आला तर उलट पंधरा-वीस दिवस पुढे जाते. आमच्या दोन मावशांनी तारखेचं तिकीट काढलं होतं.

मी वही टाईप करून झेरॉक्सच्या दुकानातून बारा प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग, प्रत्येकीत शेवटी वीस कोरी पानं. कोरी पानं विसरू नका. जेवणं झाल्यावर धाकट्या आजीची नात मोठ्यानं वाचत होती. भूकंपाच्या पानावर मी दोघींचं भांडण जसंच्या तसं छापलं होतं आणि खाली कंसात "बहुधा गाय" असं लिहिलं होतं. संध्याकाळी आत्याची प्रत हातात घेतली तर "गाय" वर आडवी रेघ होती आणि वर पेन्सिलीनं, तिच्या चौथी पास अक्षरात, म्हस.