व्हेक्टर आकार फोटोशॉपमध्ये वेगवेगळ्या लेअरवर कसे आणावेत?

व्हेक्टर आकार म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेले, कितीही मोठे करता येणारे आकार. ते ज्यात काढतात त्या इलस्ट्रेटरची एआय (.ai) फाइल थेट फोटोशॉपमध्ये उघडली, की सगळे आकार एकाच लेअरवर चिकटून येतात. ते सुटे हवे असतील तर तयारी इलस्ट्रेटरमध्येच करावी लागते.

जे आकार वेगळे हवेत, त्यांचे ग्रुप आधी सोडवा. मग लेअर्स पॅनेलमध्ये मूळ लेअरच्या नावावर क्लिक करा (कॅनव्हासवरच्या आकारावर नाही, इथेच बरेच जण अडतात) आणि पॅनेलच्या मेनूतून 'रिलीज टू लेअर्स – सीक्वेन्स' निवडा. प्रत्येक आकाराचा उपलेअर तयार होतो. हे सगळे उपलेअर निवडून मूळ लेअरच्या बाहेर, वर ओढा.

आता 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'मधून पीएसडी (फोटोशॉपची फाइल) निवडा. छपाईसाठी ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) ठेवा, 'राइट लेअर्स' आणि 'मॅक्सिमम एडिटॅबिलिटी' चालू करा. कलर मॉडेल मात्र मूळ फाइलचंच हवं. फाइल सीएमवायके (छपाईचे रंग) आणि निवड आरजीबी (स्क्रीनचे रंग) असेल, तर 'राइट लेअर्स' निवडताच येत नाही आणि सपाट चित्र हाती येतं. आधी डॉक्युमेंटचा कलर मोड बदला, मगच एक्स्पोर्ट करा.

शेजारी शेजारी टेकलेल्या आकारांमध्ये रास्टर (म्हणजे पिक्सेलचं चित्र) झाल्यावर केसाएवढी फट दिसते. कडेचे पिक्सेल दोन्ही लेअरवर अर्धपारदर्शक होतात आणि खालचा रंग झिरपतो. त्यासाठी खालचा आकार वरच्याखाली एक-दोन पिक्सेल सरकेल इतका आधीच वाढवून ठेवा. पीएसडी बनल्यावर ही फट बुजवणं फार किचकट जातं. मूळ एआय फाइलही जपून ठेवा, कारण रास्टर लेअर मोठा केला की कडा धूसर होतात.